पॉलिसी घेऊन महिनाही झाला नाही आणि घराचं नुकसान : क्लेम करावा का? (नाशिक)

पारिजातक (पाथर्डी फाटा)

नमस्कार मंडळी. घरात दोन मतं पडली आहेत आणि वेळ फार नाही, म्हणून थेट विचारते.

आम्ही पाथर्डी फाट्याजवळ सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गृहकर्ज फिटलं, बँकेने तेव्हा करून दिलेली पॉलिसीही संपली. म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला आपणहून ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी घेतली. बांधकामाचा विमा १४ लाखांचा. परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस आला तो वादळ घेऊनच. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या शेडचा पत्रा उडाला आणि आमच्या हॉलच्या सरकत्या खिडकीवर येऊन आदळला. काच फुटली, चौकट वाकली. त्या मोकळ्या जागेतून पाऊस थांबेपर्यंत पाणी आत येत होतं. पीओपीचा एक भाग खाली आला, टीव्ही युनिटचं प्लाय फुगलं, सोफा आणि गादी भिजली, टीव्ही बंद पडला. वीज परत आली तेव्हा व्होल्टेज वाढलेलं होतं, त्यात फ्रिजही गेला.

ज्यांच्यामार्फत पॉलिसी घेतली ते गृहस्थ म्हणतात, “ताई, इतक्यात क्लेम टाकू नका, कंपनी संशय घेते. थोडं थांबा आणि पुढचा मोठा पाऊस झाला की त्या तारखेचा टाका.” माझ्या दिरांनाही ते पटलंय. मला पटत नाही. पण लवकर क्लेम केला म्हणून नाकारतात, हे खरं आहे का? आणि बेडरूमच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यापासून ओल आहे, त्याबद्दल आपण काही बोलायचं की नाही?

नाशिकरोडकर

ताई, त्या गृहस्थांचं अजिबात ऐकू नका. आजच कंपनीला कळवा. फोन केलात तरी मागून ईमेल टाकाच, लेखी नोंद हवी.

एक विचारतो. शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या कागदावर) पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि वेळ दोन्ही छापलेल्या असतात. त्या पाहिल्यात का? पैसे भरल्याची तारीख वेगळी आणि विमा सुरू झाल्याची वेगळी असू शकते.

जुना_सर्वेक्षक

या धाग्यावर सविस्तर लिहितो, कारण सर्वेअर म्हणून, म्हणजे क्लेममधलं नुकसान पाहून त्याचा अंदाज काढायचं काम करताना अशी घरं बरीच पाहिली आहेत. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचं कारण नाही.

पहिला प्रश्न : लवकर क्लेम केला म्हणून नाकारतात का? नाही. आरोग्य विम्यात सुरुवातीचे ३० दिवस थांबावं लागतं, तेच लोकांच्या डोक्यात बसलं आहे आणि ते घराच्या विम्यालाही लावतात. भारत गृह रक्षाच्या मूळ संरक्षणाला असा थांबण्याचा काळ नाही. शेड्यूलवरच्या वेळेला विमा सुरू होतो आणि त्यानंतर घडलेली घटना कव्हरमध्ये येते. विमा कायदा १९३८ चं कलम ६४व्हीबी सांगतं की हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. म्हणून नाशिकरोडकरांनी विचारलेली तारीख आणि वेळ फार महत्त्वाची आहे.

पण त्या गृहस्थांचं अर्धं म्हणणं खरं आहे. कंपन्यांच्या भाषेत अशा क्लेमला ‘क्लोज प्रॉक्सिमिटी’ म्हणतात. पॉलिसी सुरू झाल्यावर लगेच नुकसान झालं की फाइल वेगळी काढतात, कधी सर्वेअरच्या जोडीला तपासनीसही पाठवतात. तो येऊन तीन गोष्टी शोधतो. नुकसान पॉलिसीआधीचं आहे का? पॉलिसी घेताना हा धोका समोर दिसत होता का? प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात, काही लपवलं का? तिन्हीची उत्तरं स्वच्छ असतील तर पॉलिसी किती जुनी याने रकमेत एक रुपयाचाही फरक पडत नाही.

आता तारीख बदलण्याबद्दल. हवामानाची नोंद असते, वर्तमानपत्रात बातमी असते, ‘महावेध’ या हवामान प्रकल्पाची महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रं पाऊस आणि वारा नोंदवत असतात, सोसायटीचा सीसीटीव्ही असतो, शेजारी असतात. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंवरसुद्धा तारीख आहे. खोटी तारीख पकडली गेली तर फक्त हा क्लेम जात नाही, त्या पॉलिसीखालचे सगळे हक्क जातात. तुमच्याकडे खरी, धडधडीत घटना असताना कुणीतरी तुम्हाला खोट्यात ढकलतंय, याचा मला मनापासून राग येतो.

सिडको_सचिन

काका, राग मान्य. पण सामान्य माणसाला भीती वाटते हेही खरं. तपासनीस घरी येऊन उलटसुलट प्रश्न विचारणार, शेजाऱ्यांकडे चौकशी करणार. माझ्या मेहुण्याने याच भीतीने किचनमधल्या छोट्या आगीचा क्लेमच केला नाही. थोडं थांबलं तर बिघडतं कुठे?

जुना_सर्वेक्षक

सचिन, बिघडतं ते असं. ओलं प्लाय आठ दिवसांत वाळून वाकतं, मग ते कशाने वाकलं हे सांगता येत नाही. फुटलेली काच आपण सुरक्षेसाठी काढून टाकतो. पत्रा शेजारचे उचलून भंगारात देतात. थांबून पुरावाच जातो, आणि संशय मात्र वाढतो. शिवाय या पॉलिसीत नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेम फॉर्म द्यायचा असतो.

प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायची. तपासनीसही कामाला आलेला माणूस असतो. चहा द्या, सगळं दाखवा, जे आठवत नाही ते “आठवत नाही” म्हणा. आणि सर्वेअरची फी कंपनी देते, तुम्ही कुणाला काही द्यायचं नाही.

पारिजातक

शेड्यूल पाहिलं. सुरुवातीची तारीख घटनेच्या बरीच आधीची आहे, वेळ मध्यरात्रीची. पैसे ऑनलाइन भरल्याची पावतीही आहे. काल रात्रीच कंपनीला कळवलं, क्लेम नंबर मिळाला.

पत्रा अजून आमच्या बाल्कनीतच आहे. शेजारच्या सोसायटीचे लोक तो परत मागतायत. देऊ का?

सातपूरचा_अभियंता

सर्वेअर बघून जाईपर्यंत देऊ नका! त्यांना सांगा, दोन दिवस थांबा. तो पत्रा म्हणजे तुमचा साक्षीदार आहे.

सिव्हिलवाला म्हणून सांगतो, तुमच्या केसमध्ये एक चांगली गोष्ट आहे. वरच्या मजल्यावर पाणी येण्याची कारणं दोन प्रकारची असतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं, भिंतीला तडे पडले, त्यातून पाणी झिरपलं, तर ती देखभालीची बाब, विम्यात बसत नाही. वादळाने किंवा आदळलेल्या वस्तूने खिडकी मोडली आणि त्या भगदाडातून पाणी आलं, तर ते वादळाचं नुकसान. तुमच्या बाबतीत पत्र्याची धडक आणि वादळ दोन्ही पॉलिसीच्या यादीत आहेत. म्हणून फोटो काढताना क्रम दिसू द्या. आधी पत्रा आणि वाकलेली चौकट, मग खिडकीपासून पाणी कुठपर्यंत पोचलं त्याची खूण, मग पीओपी, मग फर्निचर. एकेका वस्तूचा जवळून काढलेला फोटो आणि एक लांबून, पूर्ण खोली दिसेल असा.

कंत्राटदाराचं एस्टिमेट ‘हॉल दुरुस्ती ठोक’ असं घेऊ नका. पीओपी किती चौरस फूट, दर काय, खिडकीचं माप काय, सेक्शन कोणता, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. ठोक आकडा दिला की कापाकापी ठोकच होते.

जुना_सर्वेक्षक

अभियंत्यांना पूर्ण अनुमोदन. खिडकीला तात्पुरतं प्लास्टिक लावा, पाणी पुसा, गादी उभी करून ठेवा. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. फक्त भिजलेली वस्तू टाकून देऊ नका.

आता ओलीचं. सर्वेअरला स्वतःहून बेडरूममध्ये न्या आणि सांगा, “ही ओल गेल्या पावसाळ्यापासूनची आहे, ही माझ्या क्लेममध्ये नाही.” अनुभवी माणसाला जुनी ओल दिसतेच, तिच्या कडेला पिवळट रेषा आणि पांढरा क्षार असतो. तुम्ही आधी सांगितलंत तर हॉलबद्दलच्या तुमच्या म्हणण्याला वजन येतं. प्रपोजल फॉर्ममध्ये घराच्या स्थितीबद्दल प्रश्न होता का आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही बघून ठेवा.

फ्रिजबद्दल वाईट बातमी. जादा व्होल्टेज, शॉर्ट सर्किट यांनी त्याच उपकरणाचं झालेलं नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेलं आहे. त्या शॉर्ट सर्किटने आग लागून बाकी घर जळलं तर ते मिळतं, पण ते उपकरण नाही. टीव्हीत पाणी गेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून दोन्हीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्ट घ्या, बिघाडाचं कारण त्यात लिहिलेलं असू द्या.

मृण्मयी_कॉलेजरोड

आम्ही भाड्याच्या घरात आहोत. घराच्या बांधकामाचा विमा मालकांचा, मग आमच्या सामानाचं काय? आणि सोसायटीचा विमा आहे म्हणतात, त्यात आमचं काही येतं का?

नाशिकरोडकर

भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो. सोसायटीच्या पॉलिसीत काय आहे ते सचिवांकडून कागद मागून बघा. बहुतेक वेळा इमारतीचा ढाचा आणि सामाईक भाग असतो, तुमचा टीव्ही-सोफा त्यात नसतो.

ज्यांनी बांधकामाचा विमा घेतलाय त्यांना भारत गृह रक्षात सामानाचं कव्हर आपोआप मिळतं, बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पारिजातक ताईंच्या १४ लाखांवर २ लाख ८० हजार. दागिने आणि मौल्यवान वस्तू यात नाहीत, त्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का बघा. बँकेचं कलम असेल तर क्लेमची रक्कम आधी बँकेकडे जाते. दुरुस्तीसाठी ती हातात हवी असेल तर बँकेकडून ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. माझ्या नातेवाइकांचा क्लेम मंजूर झाला, पण या पत्रावाचून रक्कम अडकून राहिली.

सिडको_सचिन

१४ लाखच का? पाथर्डी फाट्याला फ्लॅट त्याच्या कितीतरी पट किमतीला जातात.

सातपूरचा_अभियंता

कारण विमा बांधकामाचा असतो, जागेचा नाही. कार्पेट क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. ७०० चौरस फुटांना २,००० रुपयांचा दर धरला की १४ लाख. भूकंपाने इमारत पडली तरी जमीन जागेवरच राहते. बाजारभावाने रक्कम टाकून जादा हप्ता भरणारे खूप आहेत, त्याचा क्लेमच्या वेळी काही उपयोग होत नाही.

गोदाकाठ

आमचं घर पंचवटीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. ‘पॉलिसी घेताना धोका समोर दिसत होता का’ या मुद्द्यावर लिहायचं आहे, आमच्या भागात हाच प्रश्न सगळ्यात नाजूक आहे.

२००८ चा पूर पाहिला, २०१६ चा पाहिला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती (नदीतली मूर्ती, पुराची पातळी आम्ही तिच्यावरून मोजतो) पूर्ण पाण्याखाली गेलेला पाहिला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात, आम्ही खालच्या खोलीतलं सामान माळ्यावर टाकतो. अशा वेळी, नदी घाटाच्या पायऱ्या चढत असताना, मोबाइलवरून पॉलिसी घेतली तर? आमच्या गल्लीत एकाने हेच केलं होतं. क्लेम नाकारला गेला आणि तो माणूस आजही सगळ्यांना सांगतो की विमा म्हणजे फसवणूक. त्याचं ऐकून चार घरांनी विमाच घेतला नाही, याचं मला खूप वाईट वाटतं. नदीकाठी ज्यांना गरज आहे तेच उघडे राहिले.

काका, पण सीमारेषा कुठे? पावसाळ्यात नदीकाठी राहणाऱ्याला पुराचा धोका कायमच दिसत असतो.

जुना_सर्वेक्षक

खूप योग्य प्रश्न. पूर येऊ शकतो हे माहीत असणं वेगळं आणि पूर यायला सुरुवात झाली हे माहीत असणं वेगळं. पहिल्यासाठीच विमा असतो. नदीकाठचं घर आहे हे तुम्ही पत्त्यासह लिहून दिलं, आधी पूर येऊन गेला का या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, कंपनीने ते वाचून हप्ता घेतला, तर पुढच्या आठवड्यात पाणी आलं तरी क्लेम उभा राहतो. विसर्गाचा इशारा निघाल्यावर, पाणी गल्लीच्या तोंडाशी असताना घेतलेल्या पॉलिसीत मात्र अनिश्चितता उरलेली नसते. धरणाच्या विसर्गाच्या वेळा जलसंपदा विभागाकडे नोंदवलेल्या असतात, पॉलिसीची वेळ कंपनीकडे असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की उत्तर मिळतं.

तुमच्या भागातल्या लोकांना सांगा, पॉलिसी एप्रिल-मेमध्ये घ्या. आणि घेताना घराचा मोबाइलवर व्हिडिओ काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. सगळ्या भिंती, छत, खिडक्या, मोठ्या वस्तू. ईमेलवरची तारीख कुणी नाकारत नाही, आणि लवकर आलेल्या क्लेममध्ये ‘हे आधीचं आहे’ या शंकेला याहून चांगलं उत्तर नाही.

जुनं_नाशिक

आमचा वाडा आहे, माती-विटांच्या भिंती, सागवानी खांब, मागे एक खोली पत्र्याची. विमा मिळेल का? आणि लगेच काही पडलं तर?

सातपूरचा_अभियंता

बांधकामाचा प्रकार जसा आहे तसाच लिहून द्या. ‘आरसीसी’वर टिक मारून घेतलेली पॉलिसी वाड्याच्या भिंतीखाली टिकणार नाही. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर तीही सांगायलाच हवी. जीर्ण झाल्यामुळे भिंत आपोआप खचली तर ते मिळत नाही. शेजारचं झाड कोसळून किंवा पुराच्या पाण्याने पडली तर मुद्दा वेगळा. वाड्याबाबत मी आधी स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यायला सांगेन, विमा त्यानंतर. आत माणसं राहतात.

पारिजातक

मंडळी, पुढचं कळवते. सर्वेअर दुसऱ्याच दिवशी आले. पत्रा, चौकट, पाण्याची खूण, सगळ्याची मापं घेतली. बेडरूमची ओल मी आधीच दाखवली, त्यांनी फक्त मान हलवून नोंद केली. नंतर एक तपासनीसही येऊन गेले. वॉचमनशी आणि खालच्या काकूंशी बोलले, सोसायटीचं सीसीटीव्ही मागितलं. त्यात पत्रा उडताना स्पष्ट दिसतोय!

फ्रिज मी यादीत वेगळा, कारणासह लिहिला. दीरही आता म्हणतायत, बरं झालं थांबलो नाही. पण तपासनिसांनी १२ वर्षांपूर्वीच्या सोफ्याचं मूळ बिल मागितलंय, ते कुठून आणू? ते नाही म्हणून पूर्ण क्लेम अडवतील का?

वकील_गंगापूररोड

ताई, अडवता येणार नाही. आयआरडीएआयच्या (विमा क्षेत्राची नियामक संस्था) जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे की कागद नाहीत एवढ्यावरून क्लेम नाकारायचा नाही आणि क्लेमशी थेट संबंध असलेलेच कागद मागायचे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ च्या गुरमेल सिंग प्रकरणात, विमाधारकाच्या हाताबाहेरचे कागद मागून अडवणूक करणाऱ्या कंपनीला फटकारलं आहे. लेखी उत्तर द्या : मूळ बिल उपलब्ध नाही, जुना फोटो जोडला आहे, तशाच सोफ्याचं आजचं कोटेशन जोडलं आहे. घरातल्या एखाद्या समारंभाच्या फोटोत सोफा नक्की सापडेल.

त्याच परिपत्रकात मुदती आहेत. क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, त्याला दोन वर्षांची मुदत.

आणि नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. “पॉलिसी नवीन आहे” हे कोणत्याही पॉलिसीतलं कलम नाही.

पारिजातक

वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच पत्र दिलं. मुलाच्या बारशाच्या अल्बममध्ये सोफा सापडला!

काल रक्कम खात्यात आली. खिडकी आणि पीओपीचं पूर्ण मिळालं, टीव्ही आणि युनिटचंही. सोफ्याचे मागितल्यापेक्षा कमी दिले. गादीचे मिळाले. फ्रिज अपेक्षेप्रमाणे नाकारला, कलमाचा क्रमांक देऊन. सोफ्याचं कशावरून कमी केलं ते मात्र लिहिलेलं नाही. विचारावं का, की मिळालंय त्यात समाधान मानावं?

जुना_सर्वेक्षक

अवश्य विचारा. सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात प्रत्येक वस्तूपुढे मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि फरकाचं कारण असतं. कारण पटलं नाही तर फक्त सोफ्यापुरतं लेखी कळवा, मिळालेली रक्कम परत करावी लागत नाही. मात्र ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली होती का, ते आधी बघा.

पारिजातक

सही केलेली नाही, रक्कम थेट जमा झाली. आजच अहवालाची प्रत मागणारा ईमेल पाठवते. आणि गोदाकाठ, तुमच्या गल्लीतल्या कुणाला फॉर्म भरताना मदत हवी असेल तर मला निरोप करा, रविवारी पंचवटीत येऊ शकेन.

गोदाकाठ

नक्की या ताई. तीन घरं तयार आहेत, जून उजाडायच्या आत करून टाकू. प्रपोजल फॉर्ममधल्या पुराच्या प्रश्नाला काय लिहायचं याची त्यांना धास्ती आहे. मी सांगितलंय, २००८, २०१६, २०१९, तिन्ही वर्षं लिहायची आणि पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं तेही लिहायचं.